मागून बसलेली गाडी

आमच्या बाईंना शिकणाऱ्या मुली पाठीमागे ‘ब्रेकबाई’ म्हणायच्या, आणि हे त्यांना ठाऊक होतं. शिकवण्याच्या गाडीत शेजारच्या सीटपुढेही एक ब्रेक बसवलेला असतो. समोर कुत्रं आलं, सायकल आली, की शिकणारीच्या मेंदूपर्यंत खबर पोहोचायच्या आत बाईंचा पाय खाली गेलेला असायचा. “घाबरायचं काम माझ्याकडे, तुम्ही फक्त रस्ता बघा,” असं त्या म्हणत. वीस वर्षांत त्यांनी पाचशेच्या वर बायकांना गाडी शिकवली. त्यातली मी एक. परवाना मिळाल्यावरही मी त्यांच्याकडे जात राहिले, आणि पुढे सांगते ते त्यांनीच मला सांगितलं. तेही तुटक तुटक, कधी फाटकापाशी थांबल्यावर, कधी लांब सरळ रस्त्यावर. समोरासमोर बसून माणसं जे बोलणार नाहीत ते शेजारी बसून, काचेबाहेर बघत बोलून जातात.

बाई मूळच्या गाडीच्या धंद्यातल्या नव्हेत. त्यांच्या वडिलांचा छापखाना होता. वडिलांना सगळे आप्पा म्हणत. घरामागे एक लांबट खोली, तिच्यात पायाने चालवायचं छपाईचं मशीन आणि भिंतीला लागून लाकडी केसा. एकेका केशीत शंभर-शंभर खण आणि खणाखणात शिशाचे खिळे, म्हणजे छापायची सुटी अक्षरं. नऊ वर्षांच्या असताना बाई स्टुलावर उभ्या राहून खिळे जुळवायला शिकल्या. खिळ्यावरचं अक्षर उलटं असतं. बाईंना ते उलटं अक्षर सुलट्याइतकंच सहज वाचता यायचं. शाळेत एकदा अख्खा निबंध त्यांनी आरशातल्यासारखा लिहून दिला आणि मास्तरांचा मार खाल्ला. आप्पांना कळलं तेव्हा ते इतके हसले की चष्मा काढून डोळे पुसावे लागले. “एकही चूक नाही हिची,” ते मास्तरांना सांगायला निघाले होते, आईने अडवलं.

थोरला भाऊ, त्याला बाई दादा म्हणत, छापखान्यात पाऊल टाकायचा नाही. शाईच्या वासाने त्याचं डोकं दुखायचं. तो कचेरीत चिकटला, बढत्या घेत वर गेला. बोलायला मात्र गोड. बाई म्हणायच्या, “आमचा दादा तुम्हाला उभ्या उभ्या विकेल आणि वर सोडायलाही येईल, रिक्षाचे पैसे तुमचेच.” हे त्या पूर्वी कौतुकाने सांगायच्या.

कॉम्प्युटर आले, छापखाना थांबला. पोटासाठी बाईंनी गाडी चालवायचा आणि मग शिकवायचा परवाना काढला. आप्पा मात्र शेवटपर्यंत दर आठवड्याला खोली उघडून मशीनला तेल देत, खिळ्यांवरची धूळ फुंकत. जाण्याआधी त्यांनी दोघा भावंडांना बिछान्याजवळ बोलावलं. “मशीन दादाचं. खिळे हिचे. खोली दोघांची,” ते म्हणाले. एवढंच. कागदावर पूर्वीच लिहून ठेवलं होतं, तरी तोंडाने सांगितलं.

बाईंनी आपल्या घरातली अडगळीची खोली रिकामी केली. केसा ठेवायला भिंतीला फळ्या ठोकल्या. गाडी शिकवणं आणखी चार-पाच वर्षं, मग हातानं छापायचं, छोटी छोटी पुस्तकं, असं त्यांच्या मनात होतं. पण छापखान्याची खोली दादाच्या घरामागे आणि किल्ली दादाकडे. “छपराचं काम काढलंय, ते होऊ दे, मग ने,” दादा म्हणाला. मग गवंडी पळाला. मग दुसरा मिळाला पण त्याचा हात मोडला. बाई हसून सोडून देत. सख्ख्या भावाच्या दारात पावती घेऊन कोण उभं राहतं?

अशातच एकदा दादा बाईंकडे आला. चेहरा उतरलेला. “तुझ्या वहिनीचा गुडघा फार बिघडलाय गं. जिना उतरता येत नाही तिला. तासाभराच्या वाटेवर एक बाई आहे, व्यायाम करून घेते, लोकांना फरक पडतो म्हणतात. पण दर रविवारी जावं लागेल. बसने कशी नेऊ?”

बाईंनी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. रविवारी शिकवणी नसायची. गाडीची किल्ली त्याच्या हातात ठेवली. मागच्या सीटवर पाय लांब करून बसता यावं म्हणून घरातली जाड उशीही दिली. शनिवारी संध्याकाळी टाकी भरून ठेवायच्या. असे अकरा रविवार झाले. एकदा बाईंनी वहिनींना फोन केला, “बरं वाटतंय का?” तर वहिनी थंडपणे म्हणाल्या, “चाललंय तसंच चाललंय,” आणि फोन ठेवला. बाईंना वाटलं, दुखण्याने माणूस चिडचिडं होतं.

अकराव्या रविवारनंतर दादा म्हणाला, “आता घरीच व्यायाम करायचे आहेत, गाडी नको.” आणि त्याच सुमारास बाईंच्या लक्षात आलं की गाडी मागून बसली आहे.

आधी समोरून येणारे लोक उगाच दिवे चमकवायला लागले. मागची बाजू खाली गेली की पुढचे दिवे आकाशाकडे बघतात आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातात. मग गतिरोधकावरून जाताना मागे धप्प असा आवाज. एक शिकाऊ मुलगी म्हणाली, “बाई, गाडी बसल्यावर उठतच नाही, माझ्या आजेसासऱ्यांसारखी.” बाईंनी डिकीवर दोन्ही हातांनी जोर देऊन सोडला. चांगली गाडी एकदा वर येऊन थांबते. ही तीन-चारदा डुलली. खाली वाकून पाहिलं तर दोन्ही शॉकअप तेलाने ओलेचिंब.

सुट्या भागांच्या दुकानदाराला बाईंनी गाडी दाखवली. तो वाकून चाकाच्या वर टॉर्च मारत म्हणाला, “ताई, तुम्ही शिकवता ना? मग हिच्यात वाळू वाहता का काय? ही डावीकडची स्प्रिंग खालून तुटलीये बघा. अशी मोडायला वजन लागतं.”

“पाचशे बायका बसल्यात हिच्यात,” बाई म्हणाल्या.

“पाचशे एकदम बसल्या असतील,” दुकानदार म्हणाला. बाई हसल्या आणि दोन स्प्रिंगा, दोन शॉकअप घेऊन आल्या.

गॅरेजवाल्याने आठ दिवसांनंतरची वेळ दिली होती. आठ दिवस शिकवणी बंद ठेवणं शक्य नव्हतं, आणि बाईंना गाडीचं काम स्वतः करायची सवयच होती. आप्पांचं मशीन त्या लहानपणी खोलून पुसायच्या. त्यापुढे गाडी म्हणजे काय. शुक्रवारी संध्याकाळी त्यांनी गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवलं. शनिवारी सकाळी चहा झाल्यावर अंगणातल्या सपाट फरशीवर काम मांडलं.

मदतीला त्यांचे यजमान होते. पाणीपुरवठ्यात मीटर तपासायचे, आता निवृत्त. स्वभावाने गरीब. कुठे आवाज चढलेला ऐकला की चपला घालून फिरायला जाणारा माणूस. बाई त्यांना म्हणायच्या, “अहो, तुम्ही नसता तर माझं भांडायला कोणी नसतं, आणि तुम्ही आहात तरी नाही.” त्या दिवशी त्यांच्याकडे पाने देण्याचं आणि टॉर्च धरण्याचं काम होतं.

बाईंची पद्धत ठरलेली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे. मागच्या चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे सैल करायचे. मग जॅकने उचलून एकेका बाजूला लोखंडी घोडी द्यायची आणि गाडी घोड्यांवर टेकवायची. “जॅक उचलायला असतो, धरायला नाही,” हे त्या आम्हालाही शिकवायच्या. चाकं निघाली. ॲक्सलखाली जॅक लावून त्याला नुसता टेकू दिला. आता शॉकअप सोडायचे. खालचा बोल्ट चाकाच्या बाजूला असतो, पण वरचा नट त्या गाडीत डिकीच्या आतून, बाजूच्या अस्तरामागे होता.

बाई डिकी उघडून आत चढल्या. यजमान टॉर्च घेऊन उभे होते. ते म्हणाले, “अस्तर काढायलाच हवं का? उगाच क्लिपा तुटतील.”

“नट आत आहे, तर बाहेरून कसा काढू?”

“नाही, म्हटलं… नटापुरता तुकडा कापून घेतला तर?”

“अहो, चांगल्या गाडीला भोक पाडू?”

यजमान टॉर्च डिकीच्या कडेला ठेवून म्हणाले, “मी पुन्हा चहा टाकतो,” आणि आत गेले. बाईंना तेव्हा काहीच वाटलं नाही. त्यांनी एकेक क्लिप पान्याच्या टोकाने उचकटली, अस्तर स्वतःकडे ओढलं, आणि आतून काहीतरी खळखळत खाली आलं.

बाईंना वाटलं, सुटे नट असतील. त्यांनी हात घातला. बोटांना थंड, चौकोनी, जड असं काही लागलं. अजून डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, पण बोटांना कळलं होतं. अंगठा टोकावर फिरला आणि त्यांनी ते अक्षर वाचलं. ‘ह’ होता. शेपूट मोडलेला. आप्पांकडचा तो मोडका ‘ह’ बाई अगदी नाइलाज झाला तरच वापरायच्या. चांगले सगळे ‘ह’ संपल्यावर. आप्पा वितळवायला टाकू म्हणायचे आणि बाई टाकू द्यायच्या नाहीत.

त्या डिकीतच बसून राहिल्या. मग टॉर्च घेऊन पत्र्याच्या खोबणीत पाहिलं. आणखी खिळे होते. ‘क’, ‘त्र’, एक पूर्णविराम, दोन कोरे तुकडे, जे शब्दांमध्ये जागा सोडायला घालतात. सुतळीचा एक धागा आणि गोणपाटाची चिंधी. गोणी घासून फाटली असेल आणि खिळे अस्तराच्या फटीतून आत गेले असतील. एकूण सतरा. त्यांनी ते मांडीवर ओळीने ठेवले.

शिसं किती जड असतं ते छापखान्यात वाढलेल्या मुलीला सांगावं लागत नाही. दुकानदार वाळू म्हणाला होता. वाळू हलकी.

यजमान चहा घेऊन आले. त्यांनी बाईंच्या मांडीकडे पाहिलं. आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं, “मी तर सगळी डिकी झाडली होती.”

बाई मला म्हणाल्या, “खिळे सापडले तेव्हा मला कळलं की दादाने फसवलं. ते कळलं, पण अजून कुठे लागलं नव्हतं. ह्यांचं वाक्य ऐकलं आणि मग माझ्या हातातून पाना पडला.”

“कधी झाडली?” बाईंनी विचारलं.

“तिसऱ्या रविवारपासून, दर वेळी. तो गाडी द्यायला यायचा तेव्हा. तू देवळात… नाही, तू बाजारात असायचीस. त्या रविवारी मला डिकीत खिळ्यांची गोणी दिसली. एक राहून गेली होती. तो म्हणाला, मीच सांगतो तिला, योग्य वेळी. तुम्ही मध्ये पडू नका. मला वाटलं, सांगेल.”

“आणि अकराव्या रविवारपर्यंत वाटतच राहिलं?”

“तुला किती लागेल ते मला ठाऊक होतं गं. आणि भावाबहिणींत मी काय…”

“मला लागू नये म्हणून तुम्ही झाडू मारत होतात?”

यजमान गप्प. पंचवीस वर्षांच्या संसारात बाईंनी त्या गप्प बसण्याला शांत स्वभाव म्हटलं होतं. त्यांनी कप घेतला नाही. म्हणाल्या, “तुम्ही आत जा. टॉर्च ठेवा इथे.”

आणि त्यांनी काम पुरं केलं. मी विचारलं, त्या वेळी कसं सुचलं तुम्हाला? त्या म्हणाल्या, “चाकं काढलेल्या गाडीत बसून कुठे जाणार होते मी?”

वरचा नट सोडताना मधला दांडा एका पान्याने धरून ठेवावा लागतो, नाहीतर नटाबरोबर तोही गरगर फिरतो. एरवी यजमान तो धरत. बाईंनी दांडा डाव्या हाताने धरला, नट उजव्याने फिरवला, दोनदा पाना निसटून बोटांची सालं निघाली. जॅक हळूहळू खाली सोडला, ब्रेकच्या नळीला ताण बसत नाही ना ते बघत. स्प्रिंग आपोआप सैल झाली आणि हातात आली. डावीचा खालचा वेढा पूर्ण मोडलेला होता, तुटका तुकडा खोबणीत तसाच पडलेला. मोडलेल्या जागी गंज नव्हता, ताजी चकाकी होती. त्या स्प्रिंगेवर गेले काही आठवडे शिकाऊ मुली बसल्या होत्या. एखाद्या वळणावर तो वेढा सरकून टायरला लागला असता तर बाईंचा ब्रेक काय कामाचा होता? हे मनात आलं तेव्हा त्यांना पहिल्यांदा राग आला. तोवर नुसतं रिकामं वाटत होतं.

नव्या स्प्रिंगा, वर-खाली रबरी गाद्या, टोक नेमकं खोबणीत. नवे शॉकअप. चाकं. मग गाडी जमिनीवर उतरवून, तिचं वजन पडल्यावर खालचे बोल्ट शेवटचे आवळले. अधांतरी आवळले तर आतलं रबर पिळलेलं राहतं आणि फाटतं. डिकीवर जोर दिला. गाडी एकदा वर आली आणि थांबली.

बाईंनी हात धुतले, सतरा खिळे रुमालात बांधले आणि दादाकडे निघाल्या. यजमान दारात आले. “मी येऊ?” त्यांनी विचारलं. बाईंनी गाडी सुरू केली.

दार वहिनींनी उघडलं. भिंतीला धरून, एकेक पाऊल टाकत त्या आल्या होत्या. “आज कशी काय वाट चुकलात वन्सं?” त्या म्हणाल्या. आवाजात धार होती.

बाईंची नजर त्यांच्या पायाकडे गेली. गुडघा पपईएवढा सुजला होता. “वहिनी, अकरा आठवडे व्यायाम करून हे असं? काय करून घेत होती ती बाई?”

“कोण बाई?”

“रविवारी जायचात ती. दादा न्यायचा ती.”

“थट्टा करता का माझी? मी दोनदा निरोप धाडला तुम्हाला यांच्याकडून. रविवारी गाडी द्याल का म्हणून. तुम्हीच म्हणालात ना, ती शिकवायची गाडी आहे, आजारी माणसांची ने-आण करायला नाही?”

बाईंना भिंतीचा आधार घ्यावा लागला. एकाच भिंतीला दोघी जणी धरून उभ्या होत्या.

“कोणी सांगितलं हे?”

“हे काय विचारणं झालं? यांनीच. मी म्हटलं, बरोबर आहे, नणंदेची जात. फोनवरसुद्धा ‘बरं वाटतंय का’ विचारलंत, मला वाटलं, मीठ चोळताय.”

“वहिनी, गाडी अकरा रविवार तुमच्या नावाने गेली. मी उशी दिली होती तुमच्या पायाखाली घ्यायला.”

“निळी?” वहिनींनी हळूच विचारलं. “ती मागच्या खोलीत आहे. यांच्या खांद्यावर असते वजन उचलताना.”

मागच्या खोलीचं दार उघडंच होतं. बाई आत गेल्या. केसा नव्हत्या. मशीनही नव्हतं, जिथे ते होतं तिथे चार भोकं सिमेंटने बुजवली होती. भिंतींना पांढरा रंग, जमिनीला नव्या फरश्या, आणि मधोमध प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली दाताच्या डॉक्टरांची खुर्ची. दादाची मुलगी शिकून परतणार होती. दादा खिडकीच्या चौकटीला रंग देत होता.

बाईंनी रुमाल खिडकीत ठेवून उघडला. दादाने पाहिलं, ब्रश डब्यावर आडवा ठेवला. खोटं बोलायचा प्रयत्न त्याने केला नाही, एवढं त्याच्या बाजूने सांगावं लागेल.

“काय करणार होतीस तू त्याचं?” तो म्हणाला. “शिसं ते. कोण छापतं आता हाताने? ज्याला विकलं त्याने वितळवून जाळ्यांची वजनं केली, निदान मासे तरी पकडतील. मशीनही फोडून दिलं, ते तर माझंच होतं.”

“खिळे माझे होते.”

“तू ते न्यायला आली असतीस. खोलीत शिरली असतीस. मग खोलीचा विषय निघाला असता. मला पोरीचा दवाखाना मांडायचा होता.”

“विचारलं असतंस तर?”

“तू नाही म्हणाली असतीस.”

“म्हणून विचारलं नाहीस.”

“हो,” दादा म्हणाला.

बाई मला म्हणाल्या, “त्या ‘हो’चं मला अजून आश्चर्य वाटतं. कारण मी नाही म्हटलं नसतं गं. भाचीसाठी म्हटल्यावर मी खोली झाडून दिली असती. खिळे तेवढे घेऊन गेले असते. लहानपणापासून मला ओळखणाऱ्या माणसाने मला एवढंच ओळखलं होतं.”

तेवढ्यात वहिनी दारापर्यंत आल्या होत्या. दादाने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग मात्र त्याचा गोडपणा गळाला. “तुला चालवत नाही, तू कशाला आलीस इथे?” तो ओरडला.

“माझा गुडघा काय वाळूची गाडी आहे होय,” वहिनी म्हणाल्या, “दोन्हीकडून हाकायला? तिला सांगितलं हिच्यासाठी हवी, मला सांगितलं ती देत नाही, आणि गाडी मला दिसू नये म्हणून मागच्या गल्लीत लावलीत. अकरा रविवार मी त्या खिडकीत बसून वन्संना शिव्या घातल्या. मोठ्याने. तुम्ही येता-जाता ऐकत होतात, आणि वर ‘जाऊ दे गं’ म्हणत होतात.”

दादाने ब्रश उचलला आणि पुन्हा चौकटीला रंग देऊ लागला. बाईंना ते सगळ्यात वाईट वाटलं. त्या म्हणाल्या, “केसाने गळा कापतात म्हणतात. माझा तर केशींसकट कापला.” ही कोटी त्यांनी मला सांगितली तेव्हा स्वतःच हसल्या.

दुसऱ्याच दिवशी बाई चौकशी करत त्या शिसं वितळवणाऱ्याकडे गेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये एक धिप्पाड माणूस साच्यांमधून वजनं काढत होता. त्याला सगळं आठवत होतं. “अक्षरं होती ना? मोठी सुबक. पहिल्या खेपेला दोन-चार बाजूला काढून ठेवली होती मी, पोरांना दाखवायला. मग कामाच्या घाईत तीही गेली. तुमची होती होय? तो गृहस्थ म्हणाला, वारस कोणी नाही.” त्याने बाईंना बसायला डबा दिला, पाणी दिलं. वितळलेलं शिसं कढईत चांदीसारखं थरथरत होतं. बाई थोडा वेळ बघत बसल्या आणि उठून आल्या.

ते सतरा खिळे आता एका पत्र्याच्या डबीत आहेत. मी एकदा विचारलं, त्यांतून एखादा शब्द होतो का? बाई म्हणाल्या, “करून पाहिला. एकही धड होत नाही.”

त्या प्रसंगाला आता दीड वर्ष झालं. भाचीचा दवाखाना सुरू झाला. खोलीवरचा हक्क सोडल्याचा कागद दादाने सहीसाठी पाठवला; बाईंनी तो सही न करताच परत धाडला. दुसऱ्यांदा आला, तोही परत गेला. भाचीशी मात्र त्या नीट बोलतात, तिला काही ठाऊक नव्हतं. दादाच्या घरात त्या पुन्हा गेल्या नाहीत. दर रविवारी सकाळी त्या कोपऱ्यावर गाडी थांबवतात, हॉर्न देतात, आणि वहिनी काठी टेकत येऊन मागे बसतात. तासाभराच्या वाटेवर व्यायाम करून घेणारी ती बाई खरोखरच होती. दादाने खोटं रचतानाही पत्ता खरा वापरला होता. वहिनींची सूज उतरली आहे. जाता-येता दोघी मिळून दादाला नावं ठेवतात, आणि कधी कधी त्यालाच हसतात. वहिनींनी गाडी शिकायची इच्छाही बोलून दाखवली आहे. बाई म्हणाल्या, “गुडघा वाकायला लागू दे, क्लच काही गंमत नाही.”

घरातलं जमायला मात्र जास्त वेळ लागतो आहे. यजमानांनी माफी मागितली, एकदा नव्हे, अनेकदा. बाईंनी घर सोडलं नाही, बोलणंही टाकलं नाही. पण भावाने केलं ते एका दाराबाहेर राहिलं, आणि हे ताटासमोर बसलेलं असतं. यजमानांनी आता नवीनच सवय लावून घेतली आहे. सगळं सांगतात. दुकानदाराने सुटे परत द्यायचे राहिले, सांगतात. शेजाऱ्याने आपल्याबद्दल काय म्हटलं, सांगतात. छत्री बसमध्ये विसरलो, सांगतात. भांडण दिसलं तर चपला शोधत नाहीत, उभे राहतात, घाम पुसत.

परवा मी त्यांच्याकडे बसले होते तेव्हा ते स्वयंपाकघरातून आले आणि म्हणाले, “दूध उतू गेलं गं. पण मी लगेच गॅस बंद केला.”

“बरं,” बाई म्हणाल्या. माझ्याशी बोलता बोलता त्या उठल्या, आत गेल्या, गॅसचं बटण हाताने फिरवून पाहिलं, आणि परत येऊन बसल्या. यजमान दारात उभे राहून ते बघत होते.